मोती आलाय घरी

बरेच दिवस इथे फिरकले नाही, कारण घरात मोती आलाय. सोसायटीमागच्या गल्लीतल्या कुत्रीचं पिल्लू. तांबूस अंग, पुढचे दोन्ही पंजे पांढरेशुभ्र.

आज त्याला लसीसाठी नेलं. डॉक्टरांनी अगदी शांतपणे समजावून सांगितलं. पहिली लस 6 ते 8 आठवड्यांचा असताना, मग दर 3-4 आठवड्यांनी पुढचे डोस, साधारण 16 आठवड्यांचा होईपर्यंत. रेबीजची लस 3 महिन्यांचा झाल्यावर. सगळे डोस पूर्ण होईपर्यंत बाहेर मातीत सोडायचं नाही, कारण पार्व्हो या आजाराचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि लहान पिल्लांच्या जिवावर बेततो. गाईचं दूधही नको, पुष्कळ पिल्लांना ते पचत नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट तर अजिबातच नाही. लेकीने लगेच यादी करून फ्रिजवर चिकटवली.

सगळ्यात जास्त बदल झालाय तो सासूबाईंमध्ये. सासरे गेल्यापासून त्या अगदी मोजकं बोलायच्या. आता पहाटे "ऊठ रे सोन्या, शू करून ये" ऐकू येतं. तो त्यांच्या पदराचं टोक तोंडात धरून मागेमागे घरभर फिरतो, आणि त्या त्याला नातवंडांच्या लहानपणच्या गोष्टी सांगत बसतात. किती बरं वाटतं म्हणून सांगू!

मोतीची दोन भावंडं अजून गल्लीतच आहेत. पुण्यात कुणाला मनापासून सांभाळायची असतील तर मेसेज करा. पहिल्या लसीचं आम्ही बघू.