बॅटरीची पाच वर्षं 'गॅरंटी' आणि प्रो-राटाचा क्लेम : माझा अनुभव

इन्व्हर्टरची बॅटरी घेताना दुकानदार बोललेला, पाच वर्षं गॅरंटी, डोळे झाकून न्या. चौथ्या वर्षी वळवाच्या पावसात सांगलीत विश्रामबागला लाईट गेली आणि बॅटरीनं दहा मिनिटांत मान टाकली. दुकानात गेलो तर हाच माणूस म्हणतो, गॅरंटी तीनच वर्षं, आता तुमची वॉरंटी चालू आहे, कार्ड वाचा की.

कार्डावर गॅरंटी हा शब्दच नाही राव. सगळी वॉरंटीच, ३६+२४ महिने. पहिले ३६ महिने फुकट बदलून, नंतरचे २४ प्रो-राटा, म्हंजे नव्या बॅटरीवर सूट आणि जेवढा उशीर तेवढी सूट कमी. दुकानदार लोक बदलून मिळणार असेल तर गॅरंटी म्हणतात, बाकी सगळं वॉरंटी.

आतेभाऊ विजयनगरच्या कोर्टात वकील आहे, त्याला विचारलं तर तो हसायलाच लागला. १८७२ च्या करार कायद्यात गॅरंटी म्हणजे जामीन, पतसंस्थेत कर्जाला आपण सही करतो ना तोच, कर्जदार, देणारा आणि जामीनदार अशा तीन पार्ट्या लागतात. वॉरंटी १९३० च्या मालविक्री कायद्यात आहे, ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते पण तेवढ्यावर माल परत करता येत नाही, त्यासाठी कंडिशन, म्हंजे व्यवहाराची मूळ अट, मोडावी लागते. म्हणाला, तुझ्या कामाचं कार्डावर छापलंय तेवढंच, तेही देत नसतील तर १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला फोन लाव.

फोनची वेळ आली नाही. बिल, शिक्क्याचं कार्ड आणि बॅटरीवरचा सिरीयल नंबर जुळला की पुढं सरकतं. सर्व्हिस सेंटरनं बॅटरी ठेवून घेतली, फुल चार्ज करून एकेका सेलमध्ये हायड्रोमीटर, म्हंजे ॲसिडची घनता मोजायची नळी, बुडवला, पाच सेल १२४० च्या आसपास आणि एक ११०० वरच अडकलेला. सेल डेड, क्लेम मंजूर.

खरी गंमत पुढं आहे, सूट एमआरपीवर. दुकानात तीच बॅटरी एमआरपीच्या बरीच खाली मिळते, आणि क्लेममध्ये जुनी त्यांनाच द्यायची म्हंजे भंगाराचे पैसेही गेले. कॅल्क्युलेटरवर मांडलं तर हातात काहीच राहिना. क्लेम सोडला, जुनी भंगारात घातली आणि ४८ महिने सरसकट फ्री रिप्लेसमेंटवाली घेतली, थोडी महाग पडली. बिलावर तसं लिहून द्या म्हटलं तर दुकानदार कुरकुरला, पण दिलं लिहून.