खेळायची कणीक, उकडीच्या पद्धतीने

घरच्या प्ले डोच्या बहुतेक कृती ‘मैदा, मीठ, पाणी, तेल एकत्र मळा’ इथेच संपतात. असा गोळा तासभर बरा चालतो. मग हाताला चिकटायला लागतो, लाटलेली चकती आखडून लहान होते आणि एकदोन दिवसांत आंबूस वास येतो. मळण्यात काही चुकलेलं नसतं, पीठच कच्चं असतं. कच्चा मैदा मळला की त्यातलं ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, रबरासारखं ताणतं आणि सोडलं की मागे येतं. पोळ्यांची कणीक मळून झाकून ठेवतात ती हा ताण उतरावा म्हणूनच. मुलांच्या हातात मात्र गोळा सारखा मळलाच जात असतो, त्यामुळे ताण उतरायला सवडच मिळत नाही. शिजवलेल्या पिठात ही भानगड राहत नाही. शिवाय कच्च्या पिठात जंतू असू शकतात, आणि लहान मुलांची बोटं तोंडात जातातच.

ज्या घरात मोदकाची उकड जमते, तिथे हे जमायला वेळ लागत नाही. लागणारं सामान असं: मैदा 125 ग्रॅम, बारीक मीठ 80 ग्रॅम, पाणी 225 मिली, तेल एक मोठा चमचा आणि लिंबाचा रस चार चहाचे चमचे. एवढ्यात सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास गोळा होतो, दोन मुलांना पुरतो. वाट्यांनी मोजू नका. प्रत्येक घरची वाटी वेगळी, आणि इथे पाव वाटी पाणी इकडचं तिकडे झालं की सगळं बिनसतं.

मिठाचं प्रमाण ठिकठिकाणी सापडणाऱ्या कृतींपेक्षा मुद्दाम कमी धरलं आहे. तिथे एक कप मैदा, एक कप पाण्याला अर्धा कप मीठ, म्हणजे जवळजवळ 140 ग्रॅम असतं. पण 100 मिली पाण्यात साधारण 36 ग्रॅम मीठच विरघळतं, आणि मीठ काही साखरेसारखं नाही, पाणी तापवलं म्हणून त्यात फारसं जास्त मावत नाही. उरलेलं मीठ कणांच्या रूपात तसंच राहतं, गोळा खरखरीत लागतो आणि वाळताना वर पांढरी पूड येते. 225 मिली पाण्यात 80 ग्रॅम जेमतेम मावतं. टिकण्यासाठी तेवढं पुरेसं आहे. त्याहून कमी मात्र करू नका, बुरशी लवकर धरते.

परदेशी कृतींतलं क्रीम ऑफ टार्टर आपल्याकडे शोधत फिरायची गरज नाही. ते एक आम्लच आहे. पिष्ट (स्टार्च) थोडं सैल पडावं, गोळा मऊ राहावा एवढंच त्याचं काम, आणि ते लिंबू करतं. ढोकळ्यासाठी आणलेलं लिंबूसत्त्व घरात असेल तर पाव चहाचा चमचा पाण्यात विरघळवून घाला. व्हिनेगरही चालतं, पण खोलीभर वास राहतो.

भांडं नॉनस्टिक किंवा स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत लिंबू आणि मिठामुळे गोळा काळपट होतो, ॲल्युमिनियमच्या भांड्याला खड्डे पडतात.

आधी मीठ पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या. त्यात लिंबाचा रस आणि तेल घाला. मैदा भांड्यात घेऊन त्यावर हे पाणी थोडं थोडं ओतत धिरड्याच्या पिठासारखं सरसरीत कालवा. उकडीपेक्षा वेगळं ते एवढंच: मोदकासाठी पीठ उकळत्या पाण्यात पडतं, इथे सगळं गारच कालवायचं. उकळत्या पाण्यात मैदा टाकला तर बाहेरचा थर लगेच शिजतो आणि आत कोरड्या गुठळ्या अडकतात. त्या नंतर मळूनही मोडत नाहीत.

आता गॅस मंद. लाकडी उलथन्याने तळ खरवडत ढवळत राहा. पहिली दोनेक मिनिटं काहीच होत नाही. मग तळाशी चिकट थर धरायला लागतो, आणि थोड्या वेळात सगळं फाटल्यासारखं, गोळागोळा दिसतं. बरेच जण इथे घाबरतात आणि गॅस बंद करतात. करू नका. ढवळत राहिलात की मिनिटभरात ते एकत्र येतं, कुरडयांच्या चिकासारखं जड होतं, चकाकी जाते आणि गोळा कडा सोडतो. त्याला बोट लावून पाहा. पीठ बोटाला आलं तर आणखी अर्धं-एक मिनिट. एकूण चार ते सहा मिनिटं लागतात.

गोळा ताटात काढून पाच मिनिटं झाकून ठेवा, मग तेलाच्या हाताने गरम असतानाच मळा. हाताला सोसवत नसेल तर उकडीसारखा वाटीच्या बुडाने मळा. तीन-चार मिनिटांत तो कानाच्या पाळीसारखा मऊ आणि गुळगुळीत होतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, कारण वाफेचं पाणी झाकणावरून परत पडतं, वरचा थर चिकट होतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

गोळा चिकट झाला की हात आपोआप मैद्याच्या डब्याकडे जातो. ही सगळ्यात मोठी चूक. चिकटपणा पीठ कमी पडल्यामुळे नसतो, शिजायचं राहिल्यामुळे असतो. वरून घातलेला कच्चा मैदा दुसऱ्या दिवशी पाणी ओढून पुन्हा चिकटतो. गोळा परत भांड्यात टाका, मंद आचेवर मिनिटभर परता, संपलं. उलट तो फुटत असेल, कडांना चिरा पडत असतील तर जास्त शिजला आहे. ओल्या हाताने मळा, एकेक चमचाच पाणी जिरवा.

हवेकडेही लक्ष हवं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाझर फुटतो तो यामुळे. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये हा गोळा उघडा राहिला तर घामेजतो. तेव्हा पाणी 10–15 मिली कमी घ्या आणि मिनिटभर जास्त शिजवा. विदर्भातल्या मे महिन्यात नेमकं उलटं होतं, तासाभरात वर पापुद्रा धरतो. त्यासाठी औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन एक चहाचा चमचा, तेलाबरोबरच घालायचं.

रंगांत खरी गंमत आहे, आणि तिथे लिंबू मध्येमध्ये येतं. हळदीचा पिवळा लिंबामुळे छान टिकतो, पण खेळून झाल्यावर साबणाने हात धुतले की ते लाल होतात. मुलं यावर भलतीच खूश होतात. पांढऱ्या चादरीवर तेच झालं की आई खूश नसते. गोकर्णाच्या फुलांचं पाणी निळं असतं, लिंबू पडताच जांभळं. निळाच हवा तर त्या गोळ्यात लिंबू घालू नका. बिटाचा रस शिजताना विटतो, म्हणून गोळा कोमट झाल्यावर मळताना घाला. पालकाच्या वाटेला जाऊ नका: आम्ल आणि आच दोन्हींमुळे त्याचा खाकी होतो. खाण्याचे रंग वापरायचे तर पुडीतले घ्या, चिमूटभर रंग दोन थेंब तेलात कालवून. पातळ रंगाने गोळा सैल पडतो. होळीचे किंवा रांगोळीचे रंग यात कधीच नाहीत. व्हॅनिला, चॉकलेट असले वासही नकोत. खायचं नाही त्याला खाऊसारखा वास कशाला हवा?

खाण्याचा मुद्दा गंभीर आहे. मुलं चाखून बहुधा थुंकतात, पण लिंबाएवढ्या, 30 ग्रॅमच्या गोळ्यात साधारण साडेपाच ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत सांगते. म्हणून दोन वर्षांखालच्या मुलांना हे देऊ नका. त्यांना बिनमिठाच्या शिजवलेल्या उकडीची गोळी द्या, हवी तर रोज नवी. हाताला खरचटलं असेल, इसब असेल तर मीठ झोंबतं. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी मैद्याऐवजी तांदळाची पिठी आणि कॉर्नफ्लोअर निम्मं-निम्मं घ्या. गोळा ठिसूळ होतो, बारीक कलाकुसर जमत नाही, पण खेळता येतं.

साच्यांसाठी बाजारात जायची गरज नाही. पोळपाट-लाटणं, शंकरपाळ्यांची कातणी, प्लॅस्टिकचा मोदकाचा साचा आणि सोऱ्या. शेवेची जाळी लावली की केस, दाढी, गवत सगळं निघतं. पितळी सोऱ्या मात्र खेळ संपताच धुवून पुसा, नाहीतर हिरवट थर चढतो. या गोळ्याच्या वस्तू वाळवून ठेवायला जाऊ नका, तडे जातात.

हवाबंद डब्यात बाहेर तीन-चार आठवडे टिकतं. फ्रिजमध्ये ठेवलं तर उकडीसारखंच कडक होतं, कोमट हाताने मळून घ्यावं लागतं. काळे-हिरवे ठिपके दिसले की तेवढाच भाग काढून उपयोग नाही, सगळं टाका. सतरंजीत अडकलेलं ओल्या फडक्याने पुसू नका, पूर्ण वाळू द्या आणि कडक ब्रशने झाडा. टाकायचं ते सिंकमध्ये नको, कारण पिष्टाने नळी तुंबते. कुंडीत किंवा खताच्या ड्रममध्येही नको, मिठाने झाड आणि गांडुळं दोन्ही जातात. आणि उघड्यावर तर नकोच: कुत्र्यांना एवढं मीठ जिवावर बेतू शकतं. कागदात घट्ट गुंडाळून, झाकणाच्या कचरापेटीत.