शिशाला लाकडाचे वावडे

मागच्या पावसाळ्यात एका परिचितांच्या खासगी नाणेसंग्रहाची नोंदवही लावून देण्यासाठी काही दिवस त्यांच्याकडे जात होतो. सातवाहन आणि कोल्हापूरच्या कुर राजांची नाणी त्यांनी प्लायवूडच्या नव्या, घट्ट बसणाऱ्या खणांत, मखमलीवर हौसेने मांडली होती. पोटीनची, म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूची नाणी ठीक होती. शिशाच्या नाण्यांवर मात्र पिठासारखी पांढरी भुकटी धरली होती, आणि धनुष्यबाणाच्या एका नाण्यावरच्या ‘विळिवायकुरस’ या ब्राह्मी लेखातली निम्मी अक्षरे त्या भुकटीबरोबरच गेली होती.

घरच्यांना ती बुरशी वाटली होती. प्रत्यक्षात तो सफेदा, म्हणजे शिशाचा कार्बोनेट होता. लाकडातून, विशेषतः प्लायवूड, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेले फलक) आणि त्यांच्या डिंकातून, ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लांची वाफ सतत सुटत असते. बंद खणात ती साठते, शिशावर बसते, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तिथे सफेदा तयार होतो आणि आम्ल पुन्हा मोकळे होऊन पुढच्या थराला लागते. म्हणूनच थोडीशी वाफही पुष्कळ नासधूस करते, आणि दमट हवेत अधिकच. पूर्वी रंगासाठी सफेदा मुद्दाम करत, तेव्हा शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत, शेणखताच्या उबेत पुरून ठेवत असत. आमच्या परिचितांनी नकळत तीच भट्टी घरात मांडली होती.

घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी चिंचेने घासून पाहण्याचे सुचवले. तांब्याच्या घागरीला ते ठीक. इथे आजाराचे मूळच आंबट होते. शिवाय ही भुकटी विषारी असल्यामुळे ब्रश फिरवणे किंवा फुंकर मारणेही टाळावे लागते. झालेली झीज भरून येत नाही, आणि उरलेल्या धातूवर उपाय करणे हे प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञांचे काम आहे. आमच्या हाती होते ते फक्त जागा बदलणे.

साठवणीचे साहित्य आधी तपासण्याची एक पद्धत ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी 1973 मध्ये मांडली. त्या साहित्याचा तुकडा, थोडे पाणी आणि शिसे, तांबे, चांदी यांच्या घासलेल्या पट्ट्या काचेच्या बंद नळीत 60 अंश सेल्सिअसला 28 दिवस ठेवतात आणि पट्ट्या काळवंडल्या किंवा गंजल्या का ते पाहतात. मखमल आणि गोंद याच कसोटीत बऱ्याचदा नापास होतात, ही गोष्ट संग्राहकांना सहसा कोणी सांगत नाही.

आम्ही नाणी हातमोजे घालून पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यांत, आम्लमुक्त कागदावर, एकमेकांवर न रचता ठेवली, कारण शिसे नखानेही ओरखडते. पीव्हीसीची पाकिटे काढून टाकली. डबे पावडर कोटिंग केलेल्या लोखंडी कपाटात गेले, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह. प्रत्येक डब्यात घासून चकचकीत केलेली शिशाची एक पट्टीही ठेवली आहे. नाण्यांआधी ती पांढरी पडली, तर डबा बदलायचा. परवा पाहिले तेव्हा तिच्यावर नेहमीची करडी छटा चढली होती, पांढरे काही नव्हते.