एक तोळ्याची गोळी

सुट्टीसाठी गिरगावात आले आहे. मॉन्टानाहून येताना चॉकलेटं आणली, पण बाबांना जे दाखवायचं होतं ते आणता येण्यासारखं नव्हतं. बॅगेत काडतुसाची रिकामी पुंगळी जरी निघाली असती, तरी विमानतळावरून टॅक्सी थेट पोलीस ठाण्याकडे! म्हणून फोनमधल्या फोटोंवर भागवलं.

तिकडे मी शेजाऱ्यांबरोबर एल्कच्या शिकारीला जाते, हे घरी एव्हाना पचलंय. (एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊ समजा. आपल्याकडे 1972च्या कायद्यानंतर शिकारीबद्दल कुजबुजतच बोलतात. तिकडे परवाना काढायचा, मोसमात जायचं आणि वर्षाचं मांस फ्रीजरमध्ये भरायचं.) काडतुसं मी घरीच भरते, हे मात्र बाबांना नवीन होतं.

आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. खरं तर काडतुसात चार वस्तू असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की हाती उरते ती पुंगळी. ती साच्यात दाबून मूळ मापावर आणायची आणि पुन्हा भरायची. दारूचं माप छापील पुस्तकातलंच, तेही खालच्या आकड्यापासून सुरू करायचं. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, आणि गप्पा बंद. एवढी खटपट कशाला? प्रत्येक रायफलची आवड वेगळी असते, आणि ती दुकानातल्या खोक्यात मिळेलच असं नाही.

"वजन कशात करतेस?" बाबांमधल्या सोनाराचा पहिला प्रश्न.

ग्रेनमध्ये. माझ्या थर्टी-ओ-सिक्स रायफलला सगळ्यात रुळलेली गोळी 180 ग्रेनची.

बाबा उठले, खणातून एक जुनं पितळी वजन काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "ही तुझी गोळी. तोळा म्हणजे 180 ग्रेन. इंग्रजांचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा." इतकी वर्षं तो आकडा मोजतेय, पण तो आमच्याच दुकानातला आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग मानेशी चिरलेल्या एका पुंगळीचा फोटो आला. शेजारचे आजोबा म्हणाले होते, जुनी झाली, टाक. बाबांनी चष्मा वर केला. "किती वेळा दाबलीस? पितळ दाबून दाबून कडक होतं. मध्ये तापवून घ्यायचं." बरोबर आहे, तसंच करतात; फक्त मान तापवायची, बूड नाही, कारण धक्का सोसायला ते कडकच हवं. मी आळस केला होता.

शेवटी गोळीच्या धातूवर आलो. नेहमीची गोळी म्हणजे आत शिसं, वर तांब्याचं पातळ कवच. ती हाडावर आदळली की शिशाचे बारीक कण मांसात पसरतात. आपण जखमेभोवतालचं कापून टाकतो, पण रानात सोडलेली आतडी गरुड आणि गिधाडं खातात. कॅलिफोर्नियाचे काँडोर (तिकडची मोठी गिधाडं) 1982 मध्ये जेमतेम 22 उरले होते, आणि शिसं आजही त्यांचा मोठा शत्रू आहे. त्या राज्यात 2019 पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या बंद आहेत. मॉन्टानात तशी सक्ती नाही, त्यामुळे तिथे हा विषय काढला की शेकोटीभोवती वाद ठरलेला.

बाबांना मात्र पटवावं लागलं नाही. "मलबार हिलची गिधाडं अशीच गेली ना? गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक त्यांच्या पोटात गेलं." लहानपणी ते हँगिंग गार्डनला जायचे तेव्हा वर घिरट्या असायच्या म्हणे. मी त्या आकाशात फक्त घारी पाहिल्यात.

मी पूर्ण तांब्याच्या गोळीवर आले त्याला दोन मोसम झाले. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीत दारूची जागा खाते. शिवाय आदळल्यावर तिला नीट उमलायला, म्हणजे पसरायला, वेग लागतो. त्यामुळे थोडी हलकी घ्यायची. मी 165 ग्रेनची घेते.

बाबांनी क्षणभर डोळे मिटले. "म्हणजे तोळ्याला आठ गुंजा कमी. अकरा मासे."