केसभर सरकलेला रंग

आज भुसावळला नानांकडे अख्खी दुपार एकाच तिकिटावर गेली. ४ मार्च १९५१ ला दिल्लीतल्या पहिल्या आशियाई खेळांसाठी टपाल खात्याने दोन तिकिटं काढली, दोन आण्यांचं आणि बारा आण्यांचं. चित्रात मशाल आणि नकाशा. बारा आण्यांच्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवून नानांनी भिंग माझ्या हातात दिलं, "दख भो, रंग सरकी ग्या!"

खरंच! एकीत दोन्ही रंग चपखल बसलेले, दुसरीत एक रंग केसभर खाली उतरलेला, त्यामुळे वरच्या कडेला बारीक पांढरी रेघ उघडी पडलेली. छापताना दोन्ही रंग तंतोतंत जुळले नाहीत की असं होतं. मला तर ती रेघच जास्त आवडली. त्या दिवशीच्या छपाईची खूणच की ती!

मग तिकिटाच्या कडेची छिद्रं मोजली. दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात ते खास पट्टीवर बघायचं. चित्र तेच असलं तरी एवढ्यावरून तिकीट वेगळं ठरू शकतं.

२०१३ ची सचिनची तिकिटं बहुतेकांकडे असतात, १९८० चं ध्यानचंदांचंही शोधलं तर मिळतं. पण छपाईतले असे फरक बघायला निवांत बसावं लागतं. जळगाव-धुळ्याकडे कुणाच्या घरी जुनी पत्रं असतील, तर कृपा करून तिकिटं ओढून काढू नका. पाकिटासकट, शिक्क्यासकट ठेवा आणि मला कळवा, मी येतो बघायला.