मान नव्हे, डोकं

संध्याकाळी साडेसातला मी लॉगिन करते, तेव्हा अमेरिकेत सकाळ असते. चोपड्यात बसून तिकडच्या दवाखान्यांचे चार्ट वाचायचे आणि प्रत्येक तपासणीला बिलासाठी पाच आकडी कोड लावायचा, हे माझं सहा वर्षांचं काम. लाइट गेली की इन्व्हर्टर, तोही बसला की मोबाइलचा हॉटस्पॉट. आई शेजारणींना सांगते, "पोरगी कॉम्प्युटरवर डॉक्टरांची बिलं बनवते." तसं चूक नाही.

ट्रान्सक्रॅनियल डॉपलर, म्हणजे टीसीडी, हा माझा आवडता चार्ट, कारण त्यात भांडायला जागा असते. मेंदूच्या धमन्यांतून रक्त किती वेगाने धावतंय, ते अल्ट्रासाउंडने मोजतात. कोडचा हिशेब तीन भागांचा: उजवीकडचा पुढचा, डावीकडचा पुढचा आणि मागचा. तिन्ही तपासले तर ९३८८६, दोन किंवा कमी तपासले तर ९३८८८. डॉक्टर वर 'कम्प्लीट' लिहून मोकळे होतात, आणि खाली रिपोर्टात मागच्या धमन्यांचा पत्ताच नसतो. मग मी क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, टाकते, तिकडे कुणाचं तरी डोकं तापतं, आणि बोलणी आमचा टीम लीड खातो.

ही तपासणी डोळ्यांनी मात्र कधी पाहिली नव्हती. ती पाहिली यंदा, पोळा झाल्यावर.

आमच्या केळीच्या मळ्यात अखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, जो सालदार आहे, तो सातपुड्याच्या पायथ्याचा. त्याच्या सात वर्षांच्या पोरीला सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा जन्मजात रक्ताचा आजार, आहे. त्यावरचं औषध, हायड्रॉक्सियुरिया, चालू आहे, तरी थंडीत हातपाय धरून रडते. डॉक्टर म्हणाले, एकदा टीसीडी करून आणा. सिकलसेलच्या मुलांना लहानपणीच पक्षाघाताचा धोका असतो. धमनी अरुंद झाली की तिथे रक्ताचा वेग वाढतो, आणि तो पक्षाघाताच्या आधी मोजता येतो. सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा वर गेला तर नियमित रक्त द्यायला सुरुवात करायची. तसं केल्याने पक्षाघात कितीतरी कमी होतात, हे अमेरिकेतल्या १९९८ सालच्या अभ्यासाने दाखवलं. हा २००चा आकडा मी चार्टमध्ये किती वेळा वाचला असेल, कुणास ठाऊक. कोड लावताना त्याचा उपयोग नसतो, म्हणून नजर त्यावरून घसरायची.

अण्णांनी गाडी दिली. पहाटे तीनला निघालो, धुळ्यावरून नाशिकला पोचलो. अंधारी खोली, गार एसी, आणि रात्रभर न झोपलेली पोरगी. टेक्निशियनबाईंनी तिच्या कानाच्या पुढे, कानशिलावर जेल लावली आणि पेनासारखा प्रोब टेकवला. तिथलं हाड पातळ असतं, त्यातूनच आवाजाच्या लहरी आत जातात. म्हाताऱ्या माणसांत कधीकधी ही खिडकी सापडतच नाही, पोरांत लगेच सापडते. मशीनमधून फुश्श, फुश्श असा आवाज आला. पोरीने डोळे मोठे केले. "हाऊ कसाना आवाज शे?" बाप म्हणाला, "तुनाच." ती हसली आणि पाच मिनिटांत पेंगायला लागली.

"झोपू देऊ नका!" बाई ओरडल्याच. झोपेत रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि वेग खोटाच जास्त दिसतो. रडली तर उलटं. मग मी तिला बैलांची नावं विचारत बसले. तिने तिन्ही जोड्यांची सांगितली, शिवाय कुणाला कसली झूल घातली होती तेही.

डाव्या बाजूला आकडा आला १८४. म्हणजे धोक्याच्या २००च्या खाली, पण नॉर्मलच्या १७०च्या वर. अधलामधला. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं.

आता बिल. काउंटरवरून कागद आला, त्यावर 'कॅरोटिड डॉपलर', अडीच हजार. कॅरोटिड म्हणजे मानेतली धमनी. त्या तपासणीचा अमेरिकेतला कोडही वेगळा, ९३८८०. मी म्हटलं, "ताई, हे बदलून द्या."

"मॅडम, मान काय नि डोकं काय, पैसे तेवढेच."

तिचंही बरोबर होतं. पण एका संस्थेने अर्धे पैसे देऊ म्हटलेलं, बिल आणि रिपोर्ट जुळले तरच. जुळले नाहीत तर काय होतं, हे माझ्याशिवाय कुणाला जास्त माहीत? परक्या मुलखातल्या माणसांचे असलेच क्लेम तर मी रोज परत पाठवते.

त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये टीसीडी नावाची ओळच नव्हती. पाऊण तास गेला. शेवटी तिने छापील नाव खोडलं, पेनाने 'टीसीडी – डोकं' लिहिलं, शिक्का मारला, सही केली. आमच्या ऑडिटमध्ये असला कागद मी स्वतः नापास केला असता. मुकाट्याने घेतला. (संस्थेने चालवून घेतला, हे नंतर कळलं.)

सालदाराने बिल, रिपोर्ट आणि रेशनकार्ड एकाच कॅरीबॅगेत घातलं, गाठ मारली, आणि म्हणाला, "ताई, तीन महिन्यांनी यायचं म्हणजे तेव्हा आपली केळी कापणीवर असेल. अण्णांना आधीच सांगून ठेवा."