जपानमध्ये केस कोणाच्या मालकीचे?

टोकियोत काही काळ राहिल्यावर माणसाचे केस पाहून त्याच्या आयुष्यात सध्या काय चालले असावे, हे ताडण्याची सवय लागते. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांत सोनेरी किंवा तपकिरी केस मिरवणारी मुले-मुली नोकरीच्या मुलाखतींचा हंगाम आला की काळ्या सुटात आणि पुन्हा काळ्या केलेल्या केसांत दिसू लागतात. त्यासाठी कोणी फर्मान काढलेले नसते, तरी ते सगळ्यांना ठाऊक असते.

शाळांमध्ये मात्र नियम लेखी असतात. केस जन्मतःच तपकिरी किंवा कुरळे असतील, तर तसा दाखला काही शाळा पालकांकडून मागतात, आणि कधी त्यासोबत मुलाचा लहानपणीचा फोटोही द्यावा लागतो. ओसाकातील एका विद्यार्थिनीने आपले नैसर्गिक तपकिरी केस वारंवार काळे करायला लावल्याबद्दल २०१७ साली दावा दाखल केला होता. २०२१ च्या निकालात तिला ३ लाख ३० हजार येन भरपाई मिळाली, परंतु ती शाळेने तिचे नाव पटावरून आणि तिचे बाक वर्गातून काढून टाकल्याबद्दल होती. केसांचा नियम न्यायालयाने योग्यच ठरवला. टोकियोच्या महानगर प्रशासनाने आपल्या शाळांतील केस काळे करण्याची सक्ती एप्रिल २०२२ पासून बंद केली, हे बरे झाले. पण स्वतःचे केस स्वतःचेच असल्याचा पुरावा मुलांना द्यावा लागतो, याचे आश्चर्य मला अजून वाटते.

शालेय बेसबॉलमध्ये हाच बदल अधिक वेगाने घडला. कोशिएन मैदानावरची शालेय बेसबॉलची उन्हाळी स्पर्धा येथे घरोघरी पाहिली जाते आणि तिच्यातील खेळाडूंचे तुळतुळीत डोके हे शिस्तीचे लक्षण मानले जात असे. २०२३ साली केइओ शाळेच्या संघाने, डोक्यावर नेहमीसारखे केस ठेवून, अंतिम सामना ८-२ असा जिंकला आणि १०७ वर्षांनी विजेतेपद परत मिळवले. त्यानंतर केसांची चर्चा खेळाइतकीच रंगली.

खरे तर डोक्यावरून देशाची दिशा ठरवण्याची रीत येथे जुनी आहे. टाळू भादरून मागचे केस तेलाने घट्ट बांधायचे आणि ती जुडी पुढे दुमडून डोक्यावर ठेवायची, ही सामुराईंची केशरचना सोडण्याची मुभा मेइजी सम्राटांच्या सरकारने १८७१ साली दिली. पुष्कळांना ती पटली नाही, परंतु १८७३ मध्ये स्वतः सम्राटांनी केस कापल्यावर विरोध ओसरत गेला. आधुनिकतेची ही सवलत पुरुषांपुरतीच होती, कारण केस आखूड करणाऱ्या स्त्रियांना टोकियोच्या प्रशासनाने १८७२ मध्येच मनाई केली होती. आपल्याकडे त्याच शतकात विधवांच्या डोक्यावरचे केस सक्तीने उतरवले जात होते आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी ते काम नाकारले होते. सक्ती राखण्याची असो की काढण्याची, स्त्रीला विचारण्याची पद्धत दोन्हीकडे नव्हती.

ती जुनी शेंडी आज सुमो मल्लांच्या डोक्यावर टिकून आहे. नवा मल्ल आखाड्यात दाखल झाला की त्याला केस वाढवावे लागतात आणि ते पुरेसे लांब होईपर्यंत तो नवखा असल्याचे कोणालाही दिसते. वरच्या दोन श्रेणींत पोहोचलेल्या मल्लांची शेंडी लढतीच्या वेळी गिंको वृक्षाच्या पंख्यासारख्या पानाच्या आकारात पसरून बांधली जाते. हे काम सुमो संघटनेचे खास केशरचनाकार करतात आणि त्यांच्या मेणयुक्त तेलाचा गोडसर वास टोकियोतील सुमोचे केंद्र असलेल्या र्‍योगोकू भागातील रेल्वेगाडीत मल्ल शिरण्याआधीच जाणवतो. २०२४ च्या मार्चमध्ये ताकेरुफुजी याने सर्वोच्च श्रेणीतील पहिल्याच स्पर्धेत अजिंक्यपद मिळवले, जे ११० वर्षांत कोणाला जमले नव्हते. आणि तेव्हा त्याचे केस ते पान बांधण्याइतके वाढलेलेही नव्हते. पराक्रम केसांच्या पुढे धावला, याचे येथील समालोचकांना भारी कौतुक होते.

निवृत्तीचा सोहळा मात्र पूर्णपणे केसांचाच असतो. मल्ल पारंपरिक पोशाखात बसतो, आप्तेष्ट, पुरस्कर्ते आणि सहकारी मल्ल असे शेकडो लोक सोनेरी कात्रीने त्याच्या शेंडीला एकेक हलका छेद देतात, आणि शेवटचा घाव त्याचे गुरू घालतात. हाकुहोसारख्या योकोझुनाचा, म्हणजे सुमोतील सर्वोच्च दर्जाच्या मल्लाचा, असा सोहळा जानेवारी २०२३ मध्ये र्‍योगोकूच्या कोकुगिकान या सुमोच्या सभागृहात झाला. लढतींत न ढळणारे धिप्पाड पुरुष त्या वेळी सर्वांसमोर रडतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, कारण केसांबरोबर त्यांचे आखाड्यातील नावही मागे पडत असते. त्यानंतर न्हावी उरलेले केस आखूड कापतो आणि मल्ल सुटाबुटात पाहुण्यांसमोर येतो.

आखाड्याच्या मंचावर स्त्रीने पाऊल ठेवायचे नाही, हा नियम या सोहळ्यालाही लागू असतो. त्यामुळे ज्या मल्लांना आईच्या किंवा पत्नीच्या हातून केस कापून घ्यायचे असतात, ते तेवढ्यासाठी मंचावरून खाली उतरतात किंवा सारा कार्यक्रमच एखाद्या हॉटेलात ठेवतात. मला तरी ती हॉटेलातली पद्धत अधिक माणुसकीची वाटते.